फिरतं दार

त्या खोलीत शिरताना चपला बाहेर काढाव्या लागत. आमच्या शाळेत एवढा मान दुसऱ्या कुठल्याच खोलीला नव्हता. खिडक्यांना जाड हिरवे पडदे, धूळ बसू नये म्हणून शिवून घेतलेल्या खोळी, आणि खोळींखाली दोन बीबीसी मायक्रो. बदामी रंगाचं चपटं खोकं, काळ्या कळा आणि सगळ्यांत वर लाल-नारिंगी कळांची एक ओळ. साल १९८६. पुण्यात मी नववीत होते.

ही यंत्रं आमच्यापर्यंत पोचली ती दोन निर्णयांच्या वाटेने. ब्रिटनमध्ये बीबीसीने लोकांना संगणक शिकवणारी टीव्ही मालिका करायला घेतली आणि तिच्या जोडीला एक यंत्र हवं म्हणून केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीला निवडलं. १९८१च्या अखेरीस ते बाजारात आलं आणि तिथल्या शाळाशाळांत जाऊन बसलं. १९८४मध्ये आपल्या केंद्र सरकारने शाळांसाठी संगणक साक्षरतेचा 'क्लास' प्रकल्प सुरू केला, तेव्हा त्यासाठीही हेच यंत्र घेतलं. पुढे मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने त्याची भारतीय आवृत्ती 'युनिकॉर्न' या नावाने केली. आम्हा मुलींना यातलं काही ठाऊक नव्हतं. बाई सांगतील तेवढं बेसिकमध्ये लिहायचं, वर्तुळ काढायचं, सतराचा पाढा पडद्यावर आणायचा आणि खोळ घालून बाहेर यायचं.

१९८७च्या जानेवारीत माझा मामा घरच्या लग्नासाठी लेस्टरहून आला. तो तिथे डॉक्टर, आणि त्याच्या मुलाकडे घरी हेच यंत्र. "तुमच्या शाळेत बीबीसी आहे ना? मग हे चालेल," म्हणत त्याने सव्वापाच इंची फ्लॉपी, एक पुस्तिका आणि चार घड्यांचा एक तक्ता माझ्या हातात ठेवला. फ्लॉपीवर नाव होतं 'एलिट'. तक्त्यावर अंतराळयानांच्या रेखाकृती होत्या आणि खाली नावं: कोब्रा, पायथन, व्हायपर, मांबा, क्रेट. मामाने शेवटच्या नावावर बोट टेकवलं. "ही आपली मण्यार. हिंदीतला करैत तिकडे जाऊन क्रेट झाला." परदेशातून आलेल्या त्या तक्त्यावर एक साप आपल्याकडचा निघाला, याचा मला फार आनंद झाला.

आमच्या बाई मूळच्या भौतिकशास्त्राच्या. तीन आठवड्यांचं प्रशिक्षण घेऊन आल्यापासून संगणकाची खोली त्यांच्याकडे होती. त्यांनी पुस्तिका उभ्या-उभ्या चाळली आणि म्हणाल्या, "शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास. दोघी बसा, एकटीने नाही. आणि आधी त्रिकोणमितीची वही दाखवायची."

दोघी म्हणजे मी आणि माझी बाकावरची मैत्रीण. शिफ्ट धरून ब्रेक दाबलं की फ्लॉपीची घरघर सुरू होई आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेघांचं एक यान स्वतःभोवती फिरू लागे. कळफलक एक आणि आम्ही दोघी, म्हणून कळा वाटून घेतल्या. डावी बाजू माझी: एस दाबलं की यानाचं नाक खाली, एक्स दाबलं की वर, ए दाबलं की लेझर. उजवी बाजू तिची: शेजारशेजारच्या दोन कळांनी यान डावी-उजवीकडे कलंडवायचं, स्पेसबारने वेग वाढवायचा, प्रश्नचिन्हाच्या कळेने कमी करायचा. या यानाला मोटारीसारखं सरळ डावीकडे वळताच येत नसे. आधी कलंडायचं, मग नाक उचलायचं. म्हणजे प्रत्येक वळण अर्धं तिचं आणि अर्धं माझं. एकीने घाई केली की चांदण्या तिरक्या धावू लागत आणि समोरचा शत्रू मागे जाई.

ज्या खेळाने आमचे शनिवार व्यापले त्याची वंशावळ मी पुढे मोठेपणी जुळवली. ती इथे सांगायला हवी, कारण एलिट किती वेगळा होता हे त्याशिवाय कळत नाही.

अंतराळातल्या लढाईचा पहिला मोठा संगणकीय खेळ १९६२मध्ये अमेरिकेत, एमआयटीत तयार झाला. पीडीपी-१ नावाच्या यंत्राच्या गोल पडद्यावर स्टीव्ह रसेल आणि त्याच्या सोबत्यांनी 'स्पेसवॉर' रचला. मधोमध एक तारा, त्याचं गुरुत्वाकर्षण, आणि भोवती एकमेकांवर नेम धरणारी दोन यानं. मागे आकाश होतं तेही पीटर सॅमसनने खऱ्या ताऱ्यांच्या जागा बघून मांडलेलं. हा खेळ कुणी विकला नाही. मित्रांनी मित्रांसाठी केला, आणि पीडीपी-१ जिथे जिथे होतं तिथे तो पसरला.

१९७१मध्ये नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी त्याच कल्पनेवर 'कॉम्प्युटर स्पेस' हे नाणं टाकून खेळायचं यंत्र काढलं, आणि खेळाचा स्वभावच बदलला. नाण्याचं गणित सोपं असतं. एक माणूस यंत्रापाशी जितका वेळ थांबेल तितका पुढच्याच्या नाण्याचा खोळंबा. म्हणून खेळ काही मिनिटांत संपला पाहिजे. तीन जीव द्यायचे, आकडा वाढवत न्यायचा, अडचण वाढवत न्यायची आणि खेळणाऱ्याला हरवायचं. १९७८चा 'स्पेस इनव्हेडर्स' आणि १९७९चा 'ॲस्टेरॉइड्स' याच साच्यातले. लोक घरी संगणक घेऊ लागले, तिथे नाणं टाकायची फट नव्हती, तरी साचा तोच राहिला.

तो मोडला केंब्रिजमधल्या दोन विद्यार्थ्यांनी. डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल जीझस कॉलेजात भेटले. दोघांनाही प्रोग्रॅम लिहायचं वेड होतं आणि दोघांनाही त्रिमित अंतराळ पडद्यावर आणायचं होतं. १९८२च्या सुमाराला काम सुरू झालं. नुसती पाडापाडी थोड्या वेळाने कंटाळवाणी होते, हे त्यांच्या लवकर लक्षात आलं. मग त्यांनी स्वतःला विचारलं की माणूस अंतराळात लढेल तरी कशासाठी? उत्तर मिळालं ते व्यापाराचं. माल स्वस्तात घ्या, दुसऱ्या ग्रहावर महाग विका, वाटेत लुटारू भेटले तर स्वतःला वाचवा, आलेल्या पैशातून चांगला लेझर बसवा. तीन जीव नाहीत, ठरलेला शेवट नाही.

थॉर्न ईएमआय या कंपनीने हा खेळ नाकारला. त्यांना दहा मिनिटांत संपणारा, तीन जीव देणारा, गुण मोजणारा खेळ हवा होता. मग तो एकॉर्नसॉफ्टकडे गेला. त्यांनी घेतला, आणि २० सप्टेंबर १९८४ रोजी एलिट बाहेर पडला. खोक्यात रॉबर्ट होल्डस्टॉक यांची एक छोटी कादंबरीही होती, 'द डार्क व्हील'. आपण ज्या विश्वात शिरणार आहोत तिथली माणसं कशी जगतात हे आधी वाचून घ्यावं, अशी ती सोय.

आता यातलं जे मला आजही थक्क करतं ते सांगते. बीबीसी मायक्रोची स्मृती ३२ किलोबाइट. त्यातून पडदा आणि यंत्राचं स्वतःचं काम वजा केलं की हाती राहत सुमारे २२. तेवढ्यात आठ दीर्घिका होत्या, प्रत्येकीत २५६ ग्रह, आणि प्रत्येक ग्रहाला नाव, राज्यपद्धती, लोकसंख्या, बाजारभाव. एकूण २०४८ जगं. ती साठवलेली नव्हती. साठवल्या होत्या फक्त तीन संख्या, मिळून सहा बाइट. त्या तिन्हींची बेरीज करायची, पहिली टाकून द्यायची, बेरीज शेवटी जोडायची. पुन्हा बेरीज, पुन्हा जोड. फिबोनाचीच्या मालिकेची ही बहीण. त्या आकड्यांतूनच नाव पडे, दोन-दोन अक्षरांचे तुकडे जुळून: ला आणि व्हे मिळून लाव्हे, आपण जिथून निघतो तो ग्रह. आकडे तेच म्हणून ग्रह तेच. पुण्यातला लाव्हे आणि लेस्टरमधला लाव्हे एकच.

आणि दीर्घिका आठच का? एका दीर्घिकेतून दुसरीत जाताना त्या सहा बाइटांतला प्रत्येक बाइट एक घर डावीकडे फिरवला जाई. बाइटात घरं आठ, म्हणून आठ उड्यांनंतर माणूस निघाला तिथेच परत येई. या पद्धतीतून सुमारे २८१ लाख कोटी दीर्घिका काढता आल्या असत्या, आणि दोघांचा विचारही तसा होता. एवढा पसारा दिसला तर हे सगळं आकड्यांनी घडवलेलं आहे हे उघडं पडेल, असं एकॉर्नसॉफ्टचं म्हणणं पडलं, आणि ते बरोबर होतं.

पडद्याचीही अशीच गंमत. वरचं आकाश दोन रंगांत पण बारीक रेघांचं, खालचा यंत्रफलक चार रंगांत पण जाड ठिपक्यांचा. बीबीसी मायक्रो एका वेळी एकच पद्धत दाखवू शके. या दोघांनी काय केलं, तर पडदा वरून खाली रंगवत येणारा किरण यंत्रफलकापाशी पोचतो नेमक्या त्या क्षणी पद्धत बदलली, प्रत्येक चित्रात, सेकंदाला पन्नास वेळा. रेघ पुसायची तर तीच रेघ त्याच जागी पुन्हा काढायची. दुसऱ्यांदा काढली की पहिली नाहीशी होई. यानांचे आकार पैलू पाडलेल्या खड्यांसारखे ठेवले होते, कुठेही आत वळलेले नाहीत, म्हणजे आपल्याकडे तोंड केलेले पैलू तेवढे काढले की पलीकडच्या रेघा आपोआप झाकल्या जात. आमच्या बाईंना मी त्या वेळी विचारलं होतं, "बाई, मागच्या रेघा का दिसत नाहीत?" त्यांनी खडूच्या डबीचा कोपरा माझ्यासमोर धरला आणि म्हणाल्या, "तुला किती बाजू दिसतात? तीन. त्या यंत्रालाही कुणीतरी हेच शिकवलंय."

लढाईत नजर असे ती यंत्रफलकाच्या मधल्या लंबवर्तुळावर. त्या सपाट तबकडीवर आजूबाजूची यानं ठिपक्यांसारखी दिसत आणि प्रत्येक ठिपक्याला एक काठी असे. काठी वर गेलेली म्हणजे यान आपल्या पातळीच्या वर, खाली लोंबलेली म्हणजे खाली. सपाट काचेवर उंची दाखवायची ही युक्ती इतकी चोख होती की नंतरच्या कितीतरी खेळांनी ती उचलली. आम्ही दोघी एकच वाक्य बोलत असू. "काठी खाली आहे." मग ती कलंडवायची, मी नाक ओढायची, आणि रेघांची एक पाचर मधोमध येई.

सुरुवातीला शंभर क्रेडिट. लाव्हे शेतीचा ग्रह, तिथून धान्य भरायचं आणि लीस्टीसारख्या उद्योगांच्या ग्रहावर विकून तिथून संगणक आणायचे. यानात माल मावे वीस टन. रीडक्वाट ग्रहावर अराजक, तिकडे फिरकायचं नाही. भरलेलं यान घेऊन निघालं आणि दोन मांबा समोर आल्या की हातांना घाम फुटे, कारण मार बसला की माल जाई आणि यानच फुटलं तर शेवटची नोंद केल्यापासूनचं सगळंच. नोंद कुठे करता येई? फक्त अवकाशस्थानकात शिरल्यावर. वाटेत कुठेही नाही.

म्हणून खेळातली सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत मोलाची गोष्ट लढाईनंतर येई. स्थानक म्हणजे चौकोन आणि त्रिकोण जोडून केलेला एक मोठा खडा, कोरिओलिस नावाचा, स्वतःभोवती सतत फिरणारा. त्याच्या एकाच तोंडावर एक अरुंद फट, आणि ते तोंड नेहमी ग्रहाकडे. आधी स्थानक आणि ग्रह यांच्यामध्ये जायचं, मग वळून फटीच्या बरोबर समोर यायचं, मग स्थानक ज्या गतीने फिरतंय त्याच गतीने आपलं यान कलंडवत ठेवायचं, म्हणजे ती फट आपल्यापुरती आडवी आणि स्थिर होते. आणि मग हळूहळू आत. वेग अगदी कमी असेल तर धडक बसूनही निभावे. वेग असेल तर लीस्टीहून आणलेले संगणक, लढाईत वाचवलेला जीव, पूर्ण शनिवार, सगळं त्या दाराशी संपे.

आपोआप आत नेणारं उपकरण विकत मिळे, १५०० क्रेडिटना. आमच्याकडे तेवढे जमायला पावसाळा उजाडला. तोवर फिरतं दार आमचं आम्हीच गाठत होतो. फट आडवी धरून ठेवायचं काम तिचं, ती मधोमध ठेवायचं माझं. मी सारखी म्हणत असे, "वेग कमी कर." ती म्हणे, "केलाय." पुढे पैसे जमले तेव्हा आम्ही ते उपकरण घेतलं नाही. त्या पैशातून माल ठेवायची जागा वाढवली आणि बाकीच्यांतून चांगला लेझर घेतला.

त्या वयात अंतराळ आम्हाला अगदीच परकं नव्हतं. १९८४च्या एप्रिलमध्ये राकेश शर्मा जाऊन आले होते, आणि जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा आमच्या ग्रंथालयात फाटेपर्यंत वाचल्या जात. पण अंतराळात गेल्यावर परत यावं लागतं, आणि परत येणं हे जाण्याइतकंच कौशल्याचं काम असतं, हे मला कोरिओलिसच्या दाराशी कळलं. नाण्याच्या खेळात परत यायला घर नसतं. तिथे माणूस फक्त किती वेळाने मरतो ते मोजलं जातं. एलिटने लढाईच्या अलीकडे माल ठेवला आणि पलीकडे दार, आणि त्या दोहोंमुळे मधल्या लढाईला अर्थ आला. या खेळाच्या इतिहासातली सगळ्यांत मोठी गोष्ट मला हीच वाटते.

खेळाची रेषा पुढे गेली. १९९०मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या ओरिजिन कंपनीतून क्रिस रॉबर्ट्सचा 'विंग कमांडर' आला. त्यात आपलं घर म्हणजे 'टायगर्स क्लॉ' ही प्रचंड युद्धनौका, आणि मोहिमेवरून परतल्यावर तिथल्या सहकाऱ्यांशी बोलायचं. १९९३चा 'एक्स-विंग' आणि १९९४चा 'टाय फायटर' यांत ढाल, लेझर आणि इंजीन यांना ऊर्जा वाटून द्यायची कला होती. कॉलेजच्या वसतिगृहातल्या एका ३८६ संगणकावर मी विंग कमांडर खेळले आणि जॉयस्टिक पहिल्यांदा हातात धरली. १९९९चा 'फ्रीस्पेस २' अनेक जाणकार या जातीचा कळस मानतात. तो फारसा विकला गेला नाही, आणि त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी अशा खेळांकडे पाठ फिरवली. २००२मध्ये त्याची मूळ संहिता खुली झाली आणि खेळणाऱ्यांनीच तो जिवंत ठेवला. २०१२मध्ये ब्रेबन आणि रॉबर्ट्स दोघांनीही काही आठवड्यांच्या अंतराने आपापल्या नव्या अंतराळ-खेळासाठी लोकांकडून आगाऊ वर्गणी मागितली, आणि लोकांनी ती भरभरून दिली. पैसे देणाऱ्यांत माझ्या वयाचे किती असतील याचा अंदाज मला सहज येतो.

बीबीसी मायक्रो ज्यांनी घडवला त्या सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी पुढे एकॉर्नमध्येच नवा प्रोसेसर आखला. त्याचं नाव एआरएम. १९८५च्या एप्रिलमध्ये तो पहिल्यांदा चालला. आज आपल्या जवळपास प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये त्याचाच वंशज आहे. ब्रेबन रास्पबेरी पाय या स्वस्त संगणकाच्या संस्थापकांपैकी एक झाला, शाळेतल्या मुलांना पुन्हा यंत्राशी थेट खेळता यावं म्हणून.

काही वर्षांपूर्वी कामासाठी केंब्रिजला गेले असताना तिथलं संगणक इतिहासाचं संग्रहालय बघायला गेले. तिथे जुनी यंत्रं काचेत ठेवत नाहीत, हात लावू देतात. बीबीसी मायक्रोंची ओळ होती आणि एकावर एलिट चालू होता. मी बसले. डावा हात आपोआप एस आणि एक्सवर गेला, जणू शनिवार कालच होऊन गेला होता. लाव्हेचं स्थानक मागे टाकलं, वळून परत यायचं ठरवलं, आणि तेव्हा लक्षात आलं की माझ्या उजव्या हाताला काहीच येत नाही. त्या हाताने हा खेळ कधी खेळलाच नव्हता. फट समोर गरगरत होती आणि मला यान कलंडवता येत नव्हतं. दोनदा दाराशी फुटले.

शेजारच्या खुर्चीवर दहा-अकरा वर्षांची एक मुलगी आईची वाट बघत होती. मी तिला विचारलं, या दोन कळा सांभाळशील का? तिने मान हलवली आणि खुर्ची जवळ ओढली. मी तिला समजावलं की फट आडवी दिसली पाहिजे, आडवीच राहिली पाहिजे. पहिल्यांदा आम्ही फुटलो. दुसऱ्यांदा तिने ती फट धरून ठेवली, मी मधोमध आणली, आणि आम्ही आत गेलो.

बाहेर येऊन मी नागपूरला मैत्रिणीला पडद्याचा फोटो पाठवला. तिकडे रात्र झाली होती. पाच मिनिटांत उत्तर आलं, एकाच ओळीचं.

"वेग कमी केला होता ना?"